इनिटचा इतिहास आणि दोषनिदानाची भाषा

१

संगणकावर मराठी कशी आली याचा वृत्तान्त सामान्यतः पडद्यापासून सुरू होतो. वर्णसंकेत, टंक, कळफलक आणि अनुवादित आज्ञासूची या चार अंगांनी तो सांगितला जातो. त्यात गैर असे काही नाही, कारण वापरणाऱ्याचा भाषेशी संबंध येतो तो पडद्यावरच. परंतु यंत्राला वीज दिल्यापासून हा पडदा उभा राहीपर्यंत एक लहानसा कालखंड जातो. यंत्र सुरळीत चालत असेल तर त्याकडे कोणी लक्ष देत नाही. बिघाड झाला की मात्र माणूस नेमका याच कालखंडात अडकतो, आणि मराठीची साथ तेथे सुटलेली असते. बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या एखाद्या घरातील लिनक्स यंत्राची सर्व मांडणी मराठीत केलेली असली, तरी ते यंत्र अर्ध्यावर थांबल्यास काळ्या पार्श्वभूमीवर उमटणारे शब्द इंग्रजीच असतात.

ही स्थिती केवळ अनास्थेतून उद्भवली असे समजणे सोपे आहे. परंतु तिची कारणे अधिक खोल आहेत. ती समजून घेण्यासाठी दोन इतिहास शेजारी ठेवून पाहावे लागतात. पहिला इतिहास ‘इनिट’ या प्रणालीचा, म्हणजे यंत्र जागे होताना इतर सर्व कामे सुरू करून देणाऱ्या पहिल्या कार्यक्रमाचा होय. दुसरा इतिहास मुंबईच्या उपनगरांत, विशेषतः जुहू आणि पवई येथे, भारतीय लिप्यांसाठी झालेल्या कामाचा आहे. हे दोन्ही प्रवाह बराच काळ एकमेकांना न भेटता वाहत राहिले. ते कोठे भेटू शकतात, हे पाहणे हा या विवेचनाचा हेतू आहे.

२

यंत्र सुरू होण्याच्या क्रियेला ‘बूट’ हा शब्द कसा लागला हे प्रथम पाहण्यासारखे आहे. पायातील बुटाच्या मागे तो ओढून चढविण्यासाठी एक पट्टी असते. ती पट्टी ओढून स्वतःलाच वर उचलण्याची अशक्य कल्पना इंग्रजीत रूढ होती. स्मृती रिकामी असलेल्या यंत्राने स्वतःच स्वतःचा कार्यक्रम स्मृतीत आणावयाचा, ही गोष्ट तशीच विरोधाभासाची वाटल्यामुळे तिला हे नाव मिळाले. हा विरोध प्रत्यक्षात पायऱ्यांनी सोडविला जातो. जुन्या पद्धतीच्या वैयक्तिक संगणकात यंत्रातच कोरलेला ‘बायॉस’ हा कार्यक्रम चकतीवरील पहिला ५१२ बाइटांचा खंड वाचतो. त्यातील ४४६ बाइट एवढीच जागा कार्यक्रमासाठी असते. तेवढ्या जागेत फार काही मावत नाही. म्हणून तो तुकडा आपल्याहून मोठा तुकडा आणतो, तो मोठा तुकडा लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, आणतो आणि गाभा अखेरीस इनिटला जागे करतो.

१९९० च्या दशकात लिनक्ससाठी प्रचलित असलेला ‘लिलो’ हा भारक या दृष्टीने उद्बोधक आहे. आपले नाव बनविणारी चार रोमन अक्षरे, एल, आय, एल, ओ, तो एकदम न लिहिता एकेक पायरी पार पडताच एकेक करून पडद्यावर उमटवीत असे. केवळ पहिले अक्षर व त्यापुढे दोषाचा अंक दिसला, तर पहिला टप्पा सुरू झाला पण दुसरा आणता आला नाही, असा अर्थ होई. दोन अक्षरांवर काम थांबले, तर दुसरा टप्पा स्मृतीत आला पण चालू शकला नाही. तीन अक्षरे उमटली, तर दुसरा टप्पा चालू झाला पण त्याला आपली वर्णनसारणी वाचता आली नाही. चारही अक्षरे पूर्ण झाली म्हणजे भारकाचे सर्व भाग जागेवर आले. अपुरा राहिलेला शब्द हेच येथे दोषाचे निदान होते. जागेच्या टंचाईमुळे वाक्य लिहिता येत नव्हते, म्हणून शब्दाच्या तुटण्यालाच अर्थ देण्यात आला. ही चिन्हे कोणत्याही भाषेची नव्हती, आणि म्हणून मराठी वाचकाला ती इंग्रज वाचकाइतकीच सुलभ किंवा दुर्बोध होती.

३

गाभा स्मृतीत आला की तो मूळ फाइलप्रणाली जोडतो आणि ठरावीक जागी इनिटचा शोध घेतो. तो न सापडल्यास निदान एक साधे शेल तरी मिळते का हे पाहतो, आणि तेही न मिळाल्यास काम थांबवितो. इनिटला प्रक्रियाक्रमांक १ मिळतो. पुढील सर्व सेवा ही त्याचीच संतती असते, आणि ज्यांची जनक प्रक्रिया संपली अशा पोरक्या प्रक्रियाही त्याच्याच पदरी येतात.

हा कार्यक्रम लिनक्सहून जुना आहे. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत युनिक्सचा आरंभ झाला, आणि त्याच्या प्रारंभीच्या आवृत्त्यांतही इनिट आढळतो. इनिट जी आज्ञापत्रे चालवितो त्यांना ‘आरसी’ असे म्हणतात. ही दोन अक्षरे ‘रनकॉम’ या त्याहूनही जुन्या नावातून आली. मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेतील १९६० च्या दशकातील एका संगणकप्रणालीत ते नाव वापरात होते, आणि त्याचा अर्थ ‘आज्ञा चालवा’ असा आहे. म्हणजे या परंपरेच्या नावातच आज्ञार्थ आहे.

१९८३ मध्ये बाजारात आलेल्या ‘सिस्टिम पाच’ या युनिक्सने कार्यपातळ्यांची पद्धत सर्वत्र रूढ केली. शून्य म्हणजे यंत्र बंद करणे, एक म्हणजे दुरुस्तीसाठी एकट्याने काम करणे, सहा म्हणजे पुन्हा सुरू करणे; रेड हॅटच्या वितरणात पाच म्हणजे चित्रमय पडदा. मिकेल व्हान स्मूरेनबर्ग यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी ही पद्धत लिनक्ससाठी लिहिली, आणि पुढे सुमारे दोन दशके बहुतेक वितरणांत तीच नांदली. प्रत्येक पातळीसाठी एक कप्पा असे, आणि त्यात क्रमांक लावलेली आज्ञापत्रे. रेड हॅटमध्ये संगणकजाळे दहाव्या क्रमांकावर, नोंदी ठेवणारी सेवा बाराव्या आणि दूरस्थ प्रवेशाची सेवा पंचावन्नाव्या क्रमांकावर असे. इनिट ती ओळीने चालवीत जाई.

या रचनेत दोषशोधनाची रीतही क्रमाचीच होती. यंत्र थांबले की पडद्यावरील शेवटची ओळ पाहावयाची; ती जिची, ती सेवा संशयित. मग भारकाला सूचना देऊन यंत्र पहिल्या पातळीवर आणावयाचे, संशयित आज्ञापत्र उघडून वाचावयाचे, आणि गरज पडल्यास हाताने ओळ ओळ चालवून पाहावयाचे. तेही न साधल्यास इनिटऐवजी थेट शेल चालविण्याची आज्ञा गाभ्याला देता येत असे. ही रीत शिकविण्यास सोपी होती. आज्ञापत्र साध्या मजकुराचे असल्यामुळे ते वाचता येई, आणि वाचणाऱ्याला कारणही उमगे.

तिची मर्यादा मात्र क्रमांकातच होती. बारावे पत्र दहाव्यानंतर चालते, एवढेच क्रमांक सांगतो. ते दहाव्यावर अवलंबून आहे काय, हे तो सांगत नाही. हे ज्ञान लिहिणाऱ्याच्या मनात राहिले, लिखाणात आले नाही. ते लिखाणात आणण्यासाठी पुढे आज्ञापत्रांच्या शिरोभागी टिपणांच्या रूपाने ‘यास अमुक सेवा आवश्यक’ अशी विधाने लिहिण्याचा प्रघात पडला, आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियनच्या सहाव्या आवृत्तीत त्या विधानांवरूनच क्रम ठरविण्यात येऊ लागला. ज्या मजकुराकडे यंत्र आजवर टिपण म्हणून दुर्लक्ष करीत होते, तो आता प्रमाण झाला.

४

याच दोन दशकांत मुंबईच्या उपनगरांत वेगळ्या दिशेने काम चालले होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संगणनकेंद्रातून १९८५ मध्ये राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र ही स्वायत्त संस्था निर्माण झाली, आणि जुहू येथे तिचे कार्य सुरू झाले. शैक्षणिक संगणकजाळे उभारण्याच्या १९८६ मधील योजनेत हे केंद्र आणि पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था या दोघांचाही सहभाग होता. हे केंद्र पुढे प्रगत संगणन विकास केंद्रात, म्हणजे सी-डॅकमध्ये, विलीन झाले.

२००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत या केंद्राने ‘इंडिक्स’ या नावाने लिनक्सवर भारतीय लिप्या दाखविण्याची व्यवस्था तयार केली. पवईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापन केलेले सुलेखनकार आणि कवी प्रा. र. कृ. जोशी हे या केंद्राशी संबंधित होते, आणि त्यांनी रेखिलेला ‘रघू’ हा देवनागरी टंक मुक्त परवान्याखाली उपलब्ध झाला. साधारण त्याच सुमारास वेंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवाणी यांनी आरंभिलेल्या ‘इंडलिनक्स’ या उपक्रमाने आज्ञासूचींच्या अनुवादाचे काम हाती घेतले होते. पुण्यातील मॉड्युलर इन्फोटेक या संस्थेने मूळ घडविलेले ‘लोहित’ टंक रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त केले, आणि ‘पँगो’ या अक्षरजुळणीच्या ग्रंथालयात देवनागरीची सोय झाली. ‘पँगो’ हे नाव ‘सर्व’ या अर्थाचा ग्रीक शब्द आणि ‘भाषा’ या अर्थाचा जपानी शब्द यांच्या जोडणीतून झाले आहे, हे भाषाभ्यासकास रोचक वाटेल.

हे सर्व काम कोठे बसते याकडे येथे लक्ष दिले पाहिजे. इंडिक्स चित्रमय पडद्याच्या थरावर बसते. पँगोही बहुधा तेथेच. रेड हॅटच्या भाषेत सांगावयाचे तर ही सर्व मराठी पाचव्या पातळीवर वसलेली आहे. त्याखालच्या पातळ्यांवर गाभ्याचा साधा मजकुराचा पडदा असतो, आणि त्याचे नियम वेगळे आहेत. जुन्या व्हीजीए यंत्रणेकडून वारशाने आलेल्या या पडद्यावर एका वेळी फार तर ५१२ अक्षराकृती ठेवता येतात, आणि प्रत्येक अक्षर आपापल्या चौकटीत साठविलेल्या क्रमानेच उमटते. देवनागरीला हे दोन्ही नियम जाचक आहेत. ‘कि’ या अक्षरात ऱ्हस्व वेलांटी साठविली जाते ती ‘क’ नंतर, पण दिसावयाची ती त्याच्या आधी. ‘पर्व’ मधील रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो. ‘खऱ्या’, ‘कुऱ्हाड’ यांतील अर्धा र मराठीला आवश्यक असून तो रफाराहून निराळा आहे. साठवणीचा क्रम आणि दर्शनाचा क्रम यांत असा भेद मानणारी लिपी या पडद्यावर शुद्ध उमटू शकत नाही. शिवाय गाभ्याचे संदेश अनुवादित केले जात नाहीत. म्हणून ज्यांनी मराठीसाठी परिश्रम केले त्यांनी ते इनिटचे काम संपल्यानंतरच्या प्रदेशात केले. त्या आधीचा प्रदेश त्यांच्या हाताबाहेर होता.

५

इनिटचे स्वरूप पालटण्याचे प्रयत्न २००० नंतर सुरू झाले. अ‍ॅपलने २००५ मध्ये ‘लाँचडी’ आणि सन कंपनीने सोलॅरिसच्या दहाव्या आवृत्तीत सेवाव्यवस्थेची नवी रचना आणली. लिनक्समध्ये स्कॉट जेम्स रेम्नंट यांचा ‘अपस्टार्ट’ हा कार्यक्रम ऑक्टोबर २००६ च्या उबुंटूत आला. त्यात सेवा क्रमांकाने सुरू न होता घटनांनी सुरू होत: अमुक घडले की तमुक करा. २०१० मध्ये लेनार्ट पॉटरिंग आणि के सीव्हर्स यांनी ‘सिस्टिमडी’ पुढे ठेवला. मे २०११ मध्ये फेडोराच्या पंधराव्या आवृत्तीने तो स्वीकारला, २०१४ मध्ये रेड हॅटच्या व्यावसायिक वितरणाने स्वीकारला, आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये डेबियन व उबुंटू ही दोन्ही वितरणे त्याच्याकडे वळली. डेबियनमध्ये हा निर्णय सुखासुखी झाला नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये तेथील तांत्रिक समितीत समसमान मते पडून अध्यक्षांच्या निर्णायक मताने तो झाला, आणि न पटलेल्यांनी ‘देवुआन’ हे वेगळे वितरण काढले.

या वादात वेग, सुटसुटीतपणा आणि सत्ताकेंद्रीकरण यांची चर्चा पुष्कळ झाली. भाषेच्या दृष्टीने महत्त्वाचा बदल मात्र क्रियापदाच्या अर्थाचा आहे. जुन्या आज्ञापत्रात ‘हे कर, मग ते कर’ असा आज्ञार्थ होता. सिस्टिमडीच्या युनिट फाइलीत ‘यास अमुक लागते’, ‘यास अमुक हवे आहे’, ‘हे अमुकच्या नंतर’, ‘हे अमुकच्या आधी’ अशी विधाने असतात. पहिली दोन वर्तमानकाळी विधाने आहेत. पुढची दोन मराठीत शब्दयोगी अव्ययांनी व्यक्त होतील. कोणी काय करावे हे सांगण्याऐवजी कशाचा कशाशी संबंध आहे हे सांगितले जाते, आणि क्रम त्या संबंधांतून यंत्र स्वतः काढते. पाणिनीच्या सूत्ररचनेचा अभ्यास करणाऱ्यांना हा भेद अपरिचित नाही. अष्टाध्यायीच्या शेवटच्या तीन पादांत सूत्रांचा पाठक्रम हाच कार्यक्रम ठरवितो. त्यापूर्वीच्या भागात कोणते सूत्र केव्हा लागेल हे बव्हंशी त्याच्या निमित्तावरून ठरते.

नव्या रचनेत क्रम आणि अवलंबन ही दोन नाती अलग केली आहेत, आणि अनेक दोषांचे मूळ हा भेद ध्यानी न येण्यात असते. मराठीत ‘दिवे आल्यावर काम सुरू करू’ असे म्हटले की त्यात काळही येतो आणि अटही येते. दिवे आलेच नाहीत तर काम सुरू होणार नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही. सिस्टिमडीला ते वेगळे सांगावे लागते. केवळ ‘नंतर’ एवढेच लिहिले, तर दिवे येणार असतील तर काम त्यांच्यासाठी थांबेल. ते आणण्याचा प्रयत्न फसला तरीही काम पुढे सुरू होईल. केवळ ‘लागते’ एवढेच लिहिले, तर दिवे आणि काम दोन्ही एकाच वेळी सुरू करण्याचा प्रयत्न होईल. बोलीतील एका रूपात एकवटलेले दोन अर्थ येथे दोन ओळींत मांडावे लागतात. मराठीत विचार करणाऱ्या विद्यार्थ्याला हा भेद ‘-ल्यावर’ या रूपाच्या आधारे चटकन समजावून देता येतो.

६

या बदलाचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. कोणत्या चकत्या कोठे जोडावयाच्या याची यादी लिनक्समध्ये एका फाइलीत असते. समजा, त्या यादीत एका जास्तीच्या चकतीची ओळ आहे आणि ती चकती पूर्वीच काढून टाकलेली आहे. डेबियनच्या जुन्या पद्धतीत चकती जोडता आली नाही तर सामान्यतः एक तक्रार पडद्यावरून सरकून जाई आणि यंत्र पुढे चालू लागे. सिस्टिमडी ती ओळ विधान म्हणून घेतो: ही चकती या यंत्रास लागते. म्हणून तो सामान्यतः ९० सेकंद वाट पाहतो, आणि मग यंत्राला आपत्कालीन अवस्थेत नेऊन परवलीचा शब्द विचारतो. डेबियनच्या आठव्या आवृत्तीसोबतच्या टिपणांत या फरकाचा इशारा स्पष्टपणे दिलेला होता. उपायही साधा आहे: त्या ओळीत ‘न मिळाल्यास अडू नये’ या अर्थाचा पर्याय लिहावा, किंवा ती ओळ काढावी.

फाइल तीच, ओळ तीच, चकतीचा अभावही तोच. बदलले ते वाचन. जुने इनिट ती ओळ विनंतीसारखी वाचीत असे, नवे ती करारासारखी वाचते. असा दोष शोधणाऱ्याने शेवटची ओळ पाहून भागत नाही. सेवा समांतर सुरू होत असल्यामुळे पडद्यावर शेवटी आलेली ओळ ही दोषी सेवेची असेलच असे नाही. ‘कोणती सेवा फसली’ याच्या जोडीने ‘तिच्यामुळे कोणाचा आधार गेला’ हा प्रश्नही विचारावा लागतो, आणि फसलेल्या सेवांच्या साखळीचा पहिला दुवा शोधावा लागतो.

७

या शोधाचे साधन म्हणजे सिस्टिमडीची रोजकीर्द, तिचे मूळ नाव ‘जर्नल’. तिच्यात मागील वेळी यंत्र सुरू होताना काय घडले तेही पाहता येते. मात्र कीर्द चकतीवर कायम ठेवण्याची सोय केलेली नसेल तर यंत्र बंद होताच ती नष्ट होते. तिची साठवण साध्या मजकुराची नाही, त्यामुळे ती वाचण्यास विशिष्ट साधन लागते. जुन्या मंडळींचा हा आक्षेप रास्त होता. पण याच रचनेत भाषेच्या दृष्टीने एक नवी गोष्ट आली. महत्त्वाच्या घटनेला एक स्थिर ओळखक्रमांक दिला जातो, आणि त्या क्रमांकाशी जोडलेले स्पष्टीकरण वेगळ्या संदेशसूचीत ठेवले जाते. २०१२ पासून उपलब्ध असलेल्या या सूचीचे फ्रेंच, इटालियन, पोलिश, रशियन आदी भाषांत अनुवाद झाले आहेत. घटना आणि तिचे कथन यांची अशी फारकत झाली, की कथनाची भाषा बदलली तरी घटनेची ओळख बदलत नाही.

या ठिकाणी दोन इतिहास भेटू शकतात. दोषसंदेश दोन कामे करतो. तो एक चिन्ह असतो, ज्याच्या आधारे जगभरातील दुरुस्तीचे अनुभव शोधता येतात. आणि तो एक स्पष्टीकरण असतो, जे समोरच्या माणसाला काय करावे हे सांगते. चिन्हाचा अनुवाद केला तर अंधेरीच्या विद्यार्थ्याला इतरांच्या अनुभवाचा लाभ होणार नाही. स्पष्टीकरण अनुवादिले नाही तर त्याला आपल्या यंत्राची अवस्था कळणार नाही. वनस्पतिशास्त्राने हा प्रश्न लॅटिन नाव कायम ठेवून आणि वर्णन देशी भाषेत देऊन कधीच सोडविला आहे. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या पाठमालेनेही हाच मार्ग धरला. लिनक्सवरील तिच्या पाठांत पडद्यावरील आज्ञा इंग्रजीच राहतात आणि निवेदन मराठीत ऐकू येते. चिन्ह डोळ्यांना, स्पष्टीकरण कानांना, अशी ही वाटणी आहे.

राहिलेले काम मोठे नाही, पण ते भाषेच्या अभ्यासकांचे आहे. सेवा सुरू न होण्याचे चार भिन्न प्रकार सिस्टिमडी मानतो: ती स्वतः फसली, तिची मुदत संपली, तिला जिचा आधार होता ती दुसरी सेवा फसली, किंवा तिच्या सुरू होण्याची अट लागू नव्हती, म्हणून ती वगळली. मराठी अनुवादात या चारही ठिकाणी ‘अयशस्वी’ हा एकच शब्द घातला, तर निदानाचा सर्व उपयोग नाहीसा होईल. चौथा प्रकार तर दोषच नव्हे. ‘फसली’, ‘मुदत संपली’, ‘आधार मिळाला नाही’, ‘अट नव्हती म्हणून वगळली’ असे घरगुती शब्द घेतले, तर भेद टिकतो आणि वाचणाऱ्याला पुढची पायरी कळते: पहिल्यात त्या सेवेची कीर्द पाहावी, दुसऱ्यात ती कशाची वाट पाहत होती ते शोधावे, तिसऱ्यात मागच्या दुव्याकडे जावे, चौथ्यात काही करू नये. जुहूला अक्षराकृतींचा प्रश्न सोडविताना जी बारकाई लागली, तीच बारकाई या चार शब्दांच्या निवडीत लागेल. साध्या मजकुराचा पडदा मराठी दाखवू शकत नसला तरी कीर्द दुसऱ्या यंत्रावर, किंवा यंत्र पुन्हा उभे राहिल्यावर, चित्रमय पडद्यावर वाचता येते. म्हणून हे शब्द निष्फळ ठरणार नाहीत.